शिखर शिंगणापूर : डोंगरावरील देव आणि यात्रेचे पाणी

महाराष्ट्रातील बहुसंख्य जुनी देवस्थाने नदीकाठी किंवा डोंगरमाथ्यावर वसलेली आढळतात. नदीकाठच्या देवाच्या पायाशी पाणी आपसूक येते. डोंगरावरच्या देवाला ते नेऊन द्यावे लागते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील श्री क्षेत्र शिखर शिंगणापूर हे दुसऱ्या प्रकारातील फार मोठे क्षेत्र होय. येथील देव उंच आहे, भोवतीचा मुलूख कोरडा आहे आणि मुख्य यात्रा चैत्रात, म्हणजे पाण्याची सर्वांत टंचाई असताना भरते. या क्षेत्राचा इतिहास, येथील यात्रेचा विधी आणि भाविकांचे कर्तव्य या तिन्ही गोष्टी एका पाण्याभोवती कशा गुंफल्या गेल्या आहेत, हे समजून घेतल्यास दर्शनाचा आनंद वाढेल आणि दर्शनाची जबाबदारीही ध्यानी येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

क्षेत्राचे स्थान

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सातारा जिल्ह्यात पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे जी डोंगररांग निघते, तिला शंभू महादेवाची रांग असे नाव आहे. हे नाव तिला शिंगणापूरच्या देवामुळेच मिळाले. रांगेचे पूर्वेकडील फाटे पुढे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या पठारापर्यंत जाऊन पोहोचतात. शिंगणापूर समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. उत्तरेस डोंगर एकदम तुटतो व खाली सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याचा सपाट प्रदेश पसरलेला दिसतो. डोंगराच्या त्या अंगाचे पाणी नीरेच्या खोऱ्यात जाते आणि दक्षिण अंगाचे पाणी माणगंगेला मिळते. दोन्ही नद्या शेवटी भीमेतच विलीन होतात.

फलटणहून हे क्षेत्र सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. फलटण, दहिवडी व नातेपुते या तिन्ही बाजूंनी वर मोटार रस्ता जातो. येथे एक खुलासा करणे इष्ट ठरेल. शनिदेवाचे शिंगणापूर हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात असून ते निराळे क्षेत्र आहे. परगावचे भाविक नामसाधर्म्यामुळे कधी कधी चुकीची वाट धरतात. म्हणून वाट विचारताना ‘शिखर शिंगणापूर’ असे पूर्ण नाव घ्यावे.

परंपरा आणि मंदिर

देवगिरीच्या यादव घराण्यातील सिंघण राजाने हे गाव वसविले व त्याच्या नावावरून शिंगणापूर हे नाव पडले, अशी परंपरा आहे. क्षेत्राची कथा मात्र त्याहून जुन्या काळात नेणारी आहे. कैलासावर शिवपार्वतीचा सारीपाटाचा डाव मांडला गेला. डावात हरल्यावर भगवान शंकर रुसून या डोंगरावर तपास येऊन बसले. त्यांच्या शोधात पार्वतीमाता भिल्लिणीच्या वेषाने येथे आली आणि चैत्र शुद्ध अष्टमीस उभयतांचे पुन्हा लग्न लागले, असे भाविक सांगतात. क्षेत्राजवळील गुप्तलिंग हे स्थान याच कथेशी जोडलेले आहे.

मुख्य मंदिराच्या गाभाऱ्यात एक नव्हे तर दोन लिंगे आहेत. ती शिव आणि शक्ती यांची प्रतीके मानली जातात. म्हणून येथे अभिषेक होतो तो एकट्या देवास होत नाही. तो उभयतांस होतो. मंदिराचे उंच शिखर, पुढील दीपमाळा, नंदी, पायऱ्यांच्या वाटेवरील भव्य दगडी दरवाजे यांमुळे दुरून येणाऱ्यास प्रथमदर्शनीच या स्थानाचा दरारा जाणवतो. जवळच अमृतेश्वराचे जुने मंदिर आहे. भाविक त्यास ‘बळी महादेव’ म्हणून ओळखतात. चैत्र यात्रेत मुख्य मंदिराच्या शिखरापासून बळीच्या शिखरापर्यंत लांबलचक पागोट्यासारखा ध्वज बांधला जातो. हा सोहळा पाहण्यास अष्टमीला अलोट गर्दी लोटते.

भोसले घराण्याचे हे कुलदैवत. त्यामुळे शिवछत्रपतींच्या घराण्याची या स्थानावर पिढ्यान्‌पिढ्या निष्ठा राहिली आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराशी या घराण्याचे नाव कायमचे निगडित झाले.

मालोजीराजांचा तलाव

या घराण्याने देवास दिलेल्या देणग्यांपैकी सर्वांत आधीची आणि सर्वांत टिकाऊ देणगी कोणती, असे विचारल्यास उत्तर सोने-नाणे असे येत नाही. ते उत्तर पाणी असे येते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी शिंगणापूरला मोठा तलाव बांधविला. भाविक त्यास पुष्कर तलाव म्हणतात. शिवकाळातच रचल्या गेलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात मालोजीराजांच्या या कार्याचा उल्लेख आढळतो. शंभू महादेवाच्या डोंगरावर येणाऱ्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून होणारे हाल त्यांच्या मनास लागले व त्यांनी हे काम हाती घेतले, असे परंपरा सांगते.

या गोष्टीचा थोडा विचार करावा. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील तो काळ. घराणे नुकते नावारूपास येत होते. अशा वेळी कुलदैवताच्या चरणी काही अर्पण करावयाचे तर देवास दागिना घडविता आला असता किंवा गाभाऱ्यास चांदीचा पत्रा लावता आला असता. मालोजीराजांनी मात्र डोंगर चढून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या तहानेचा विचार केला. दागिना देवाच्या अंगावर राहतो. तलावाचे पाणी मात्र प्यायलेल्या प्रत्येकाबरोबर घरोघरी जाते. त्या काळी सत्ता, पंथ वा जात पाहून तहान लागत नव्हती आणि आजही लागत नाही. धर्मशास्त्रात विहीर, तलाव, अन्नछत्र, वृक्षारोपण यांस ‘पूर्तकर्म’ म्हटले आहे व यज्ञादी इष्टकर्माच्या जोडीने त्यास मान दिला आहे. शिंगणापूरचा तलाव हे या पूर्तकर्माचे महाराष्ट्रातील एक उत्तम उदाहरण होय.

एकाच जिल्ह्यात दोन टोके

शिंगणापूरला पाण्याचे एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी त्याच सातारा जिल्ह्यातील दुसऱ्या पर्वतक्षेत्राकडे पाहावे. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात आणि त्यांचे एकत्रित पाणी गोमुखातून अखंड पडते. तेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. शिवाय डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचे जाड टोपण आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी आत मुरवून ठेवतो व पुढे महिनोन् महिने झऱ्यांच्या रूपाने ते हळूहळू सोडतो.

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडून तेथेच रिते होतात. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने घटतो. माण तालुक्यापर्यंत येता येता वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. म्हणजे महाबळेश्वरच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढा. त्यातीलही बराच पाऊस परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात पडतो. येथील काळा कातळ पाणी फारसे मुरवून घेत नाही. उतारावर झाडोरा विरळ असल्याने पडलेले पाणी मातीसह खाली धावते. महाबळेश्वरचा देव झऱ्यांच्या सान्निध्यात आहे आणि शिंगणापूरच्या देवास मात्र पाणी साठवूनच द्यावे लागते. परतीच्या पावसापासून चैत्रापर्यंत सहा महिने लोटतात. तेवढ्यात तलावातील बरेचसे पाणी उन्हाने व कोरड्या वाऱ्याने वाफ होऊन गेलेले असते. नेमक्या त्याच वेळी लाखो भाविक डोंगर चढून येतात.

कावड : पाणी घेऊन चढणारी यात्रा

ही अडचण पूर्वजांनी जाणली होती, असे चैत्र यात्रेच्या विधीवरून वाटते. कारण या यात्रेतील सर्वांत मोठा विधी देवाकडे पाणी मागण्याचा नाही. तो देवाला पाणी नेऊन देण्याचा आहे.

चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून यात्रेचे दिवस सुरू होतात. अष्टमीस शिवपार्वतीचा विवाह लागतो. त्यापुढचा मान कावडींचा. पुणे, सातारा, सोलापूर व मराठवाड्यातील अनेक गावांतून लहानमोठ्या कावडी पायी निघतात. कावड म्हणजे खांद्यावर वाहावयाचा आडवा दांडा व त्यास जोडलेले पाण्याचे रांजण. मोठ्या कावडी ध्वजांनी व रंगीत कापडांनी सजविलेल्या असतात आणि त्यांचे वजन एकट्यादुकट्यास पेलणारे नसते. खांदेकरी आळीपाळीने खांदा देतात. वाटेवरील गावे त्यांना जेवू-खाऊ घालतात व उन्हातान्हात त्यांच्या पायांवर पाणी ओततात. या कावडींमध्ये सासवडच्या भुतोजी तेली या भक्ताच्या नावाने ओळखली जाणारी कावड विशेष मानाची गणली जाते. कऱ्हेच्या काठचे सासवड ते शिंगणापूर हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे आहे. नदी जवळ असलेल्या गावाने नदी नसलेल्या डोंगरास दरसाल पाणी पोहोचवावे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार आहे. त्याचा कागद कोठेही नाही, तरीही तो मोडलेला नाही.

द्वादशीच्या दिवशी मोठ्या कावडी डोंगराच्या उत्तर अंगास, कोथळे गावाच्या बाजूस येऊन ठाकतात. तेथून वर जाणारी उभी, खडकाळ वाट म्हणजे मुंगी घाट. मोटार रस्ता असतानाही कावड या घाटानेच चढवावी, असा रिवाज आहे. चढ इतका खडा आहे की, काही ठिकाणी एकाने दुसऱ्यास हात दिल्यावाचून पाऊल वर पडत नाही. तरुण मंडळी मानवी साखळी करून कडेकपारीत उभी राहतात. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर अशी कावड वर सरकत जाते. ‘हर हर महादेव’च्या गजरात मध्येच ‘म्हाद्या, धाव!’ अशी हाक उठते. देवाला एकेरीने आणि लाडक्या नावाने साद घालण्याचा हा अधिकार त्या क्षणी प्रत्येकास मिळालेला असतो. सायंकाळी कावडी माथ्यावर येतात व त्यांतील पाण्याने शंभू महादेवास अभिषेक होतो.

हा सोहळा पाहणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. साखळीतील कोणाही एकाने ‘कावड मी चढविली’ असे म्हणावयाचे नसते. ज्याने कड्याच्या टोकावर क्षणभर हात दिला त्याचा वाटा आणि ज्याने शंभर किलोमीटर खांदा दिला त्याचा वाटा देवाघरी एकाच रांजणात पडतो.

पाण्याचा साधा हिशेब

भक्तीस हिशेबाची गरज नाही, परंतु यात्रेच्या व्यवस्थेस ती आहे. पुढील आकडे कोणासही घरी पडताळून पाहता येतील.

एक हेक्टर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर एका हेक्टरवर पन्नास लाख लिटर पाणी आकाशातून येते. म्हणजे दुष्काळी म्हटल्या जाणाऱ्या डोंगरावरही पाणी पडतच नाही असे नाही. ते थांबत नाही, ही खरी अडचण आहे.

आता मागणी पाहू. चैत्रातील उन्हात डोंगर चढणाऱ्या माणसास पिण्यासाठीच दिवसाला चार लिटर पाणी लागते असे मानले, तर एक लाख भाविकांस चार लाख लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणावयाचे झाल्यास एका दिवसात चाळीस खेपा होतात. हात-पाय धुणे, स्वयंपाक, स्वच्छतागृहे यांचे पाणी या हिशेबात धरलेले नाही.

शंभर घनफुटांस ब्रास म्हणतात, हे बांधकामाशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तलावातून एक ब्रास गाळ काढला, तर सुमारे दोन हजार आठशे लिटर पाण्यास जागा होते. पाऊस पुरेसा होऊन तलाव भरला आणि ते पाणी शुद्ध करून दिले, तर तेवढ्यातून सातशे भाविकांची एका दिवसाची तहान भागते; आणि ही जागा पुन्हा गाळाने भरेपर्यंत दरवर्षी उपयोगी पडते. देणगी द्यावयाची असता ‘किती रुपये’ याबरोबरच ‘किती ब्रास’ असाही विचार करता येतो, तो असा.

माणगंगेच्या वाटेने सांगलीकडे

शंभू महादेवाच्या रांगेत उगम पावणारी माणगंगा दहिवडी, म्हसवड या गावांवरून पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात शिरते. हाच माणदेश. ग. दि. माडगूळकर व व्यंकटेश माडगूळकर या बंधूंचे माडगुळे गाव याच मुलखात आहे आणि माणदेशी माणसाचा चिवटपणा मराठी वाचकांस घरोघरी कळला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनामुळे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून जी तलावांची कामे निघाली, त्यांतूनच म्हसवडजवळील राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव माणगंगेवर उभा राहिला. मालोजीराजांनी भक्तीपोटी जे केले, तेच पुढे दुष्काळाने सरकारकडून करवून घेतले, असे म्हणता येईल. अलीकडच्या काळात कऱ्हाडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर-आटपाडीकडे नेण्यात आले आहे. पाणी चढविण्याची ही रीत पाहून मुंगी घाटातील कावडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की, येथे खांद्याचे काम पंप करतात.

सांगली जिल्ह्यातील दोन डोंगरी देवस्थाने या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. खानापूर-आटपाडी परिसरातील शुकाचार्य हे स्थान डोंगरकपारीतील झऱ्यासाठी भाविकांत प्रसिद्ध आहे. दुष्काळी पठाराच्या कुशीत असे जिवंत पाणी पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांनी देवस्थानासाठी जागा कशा पारखल्या असतील, याची कल्पना येते. दुसरे स्थान कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावाजवळचे सागरेश्वर. येथे जुन्या शिवमंदिरांचा समूह आहे. मंदिरांवरील डोंगर एके काळी उजाड झाले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने व लोकांच्या श्रमाने तेथे झाडे लावली गेली, जोपासली गेली आणि १९८५ साली सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माणसाने लावलेल्या रानात आज हरणे हिंडतात. देवाच्या डोंगराचे रूप एका पिढीत पालटू शकते, याचा हा डोळ्यांपुढील पुरावा आहे. जेथे झाड उभे राहते तेथे माती थांबते आणि जेथे माती थांबते तेथे पाणी थांबते.

पायरीवर सांडलेले पाणी : मांढरदेवचा धडा

पाणी तहानेस अमृत आहे; तेच अयोग्य जागी सांडल्यास काय होते, याची आठवणही सातारा जिल्ह्याने कायम जपली पाहिजे. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे डोंगरावर श्री काळेश्वरीदेवीचे, म्हणजे काळूबाईचे स्थान आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत तेथे चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे भाविकांना प्राण गमवावे लागले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. वाट अरुंद होती. दुतर्फा दुकाने होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने दगडी पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. कोणी घसरले, मागून रेटा आला आणि पुढे आगही भडकली. या घटनेच्या चौकशीसाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. त्यानंतर डोंगरावरील यात्रांच्या व्यवस्थेकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

त्या दिवशी तेथे गेलेले भाविक श्रद्धेने गेले होते. घरून निघताना त्यांनी देवीसाठी नारळ घेतला होता आणि लेकरांसाठी खाऊ. त्यांची श्रद्धा कोठेही कमी पडली नव्हती. कमी पडली ती जागा, वाट आणि सावधगिरी. डोंगरावर माणसास मागे सरकावयास जागा नसते, हे सपाटीवर राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मैदानावरील गर्दीत ढकलणे हा असभ्यपणा ठरतो. डोंगराच्या पायरीवर तेच ढकलणे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. म्हणून कोणत्याही डोंगरी देवस्थानात नारळ नेमून दिलेल्या जागीच वाढवावा, अभिषेकाचे पाणी व तेल पायऱ्यांवर सांडू देऊ नये आणि रांगेतील आपली जागा सोडू नये. हे नियम म्हणजे व्यवस्थापनाचा जाच नव्हे. ज्यांनी त्यांचे मोल आपल्या प्राणांनी चुकविले, त्यांच्या स्मृतीचा तो मान आहे.

भाविकांसाठी काही सूचना

१. चैत्रात उन्हाचा ताप तीव्र असतो. शक्यतो पहाटे किंवा सायंकाळी चढावे. सोबत पाण्याची स्वतःची बाटली ठेवावी व रिकामी झाल्यास ती परत न्यावी. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये एकदा वापरून टाकून द्यावयाच्या प्लास्टिक वस्तूंवर निर्बंध घालण्यात आले. देवाचा डोंगर त्यास अपवाद नाही.

२. मुंगी घाटाची वाट सवय असलेल्या व प्रकृतीने धडधाकट असलेल्या व्यक्तींसाठीच आहे. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मोटार रस्त्यानेच यावे. देव दोन्ही वाटांनी सारखाच भेटतो.

३. द्वादशीस घाटाच्या तोंडाशी व कड्याच्या कडेला उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. कावडीच्या वाटेत आडवे येऊ नये. हात देता येत असेल तर साखळीत सामील व्हावे, अन्यथा वाट मोकळी ठेवावी.

४. तलावात निर्माल्य, कापड, साबण अथवा अन्न टाकू नये. आपण ज्यात टाकतो तेच पाणी उद्या दुसऱ्या भाविकाच्या ओंजळीत येणार असते.

५. अभिषेकासाठी तांब्याभर पाणी पुरते. देवास भाव हवा असतो. माप नको असते. अर्धा लिटरऐवजी एक लिटर पाणी प्रत्येकाने ओतले, तर लाखभर भाविकांमागे पन्नास हजार लिटर पाणी जास्तीचे खर्ची पडते.

६. लहान मुलांच्या खिशात पालकांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. गर्दीत चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, ती जागा वर चढण्यापूर्वीच ठरवावी.

देणगीदारांसाठी

आपल्या वाडवडिलांच्या नावे देवस्थानास काही द्यावे, अशी इच्छा अनेक कुटुंबांच्या मनात असते. बहुधा ती इच्छा फरशी, कमान किंवा घंटा यांच्या रूपाने पुरी होते. त्या वस्तूंवर नाव कोरलेले दिसते, याचे समाधान असते व ते चुकीचेही नाही. तथापि, डोंगरी देवस्थानास याहून निकडीच्या गोष्टी लागतात. तलावातील गाळ काढणे, पावसाचे पाणी धर्मशाळेच्या छतावरून टाकीत उतरविणे, पाणपोईस पाणी शुद्ध करण्याची सोय करणे, चढाच्या वाटेवर कठडे व सावली करणे, उतारावर चर खणून झाडे लावणे आणि मुख्य म्हणजे लावलेली झाडे तीन उन्हाळे जगविणे, ही ती कामे होत. झाड लावण्यास एक दिवस लागतो; ते जगविण्यास कोणी तरी वर्षभर घागर वाहावी लागते.

गाळ काढण्याचे काम हाती घेताना तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. उत्साहाच्या भरात तळाचा घट्ट थर फोडला, तर तलावात पाणी टिकत नाही. जुन्या दगडी बांधकामास यंत्राचा धक्का लागला, तर झालेले नुकसान भरून येत नाही. निघालेला गाळ मात्र वाया जात नाही. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, तिच्यामागचा विचारही हाच होता. तलावास खोली मिळते आणि पायथ्याच्या हलक्या रानांस सुपीक माती मिळते. एकाच देणगीने देवाचा तलाव व शेतकऱ्याचे शिवार ही दोन्ही तृप्त होतात.

समारोप

शिंगणापूरच्या यात्रेस जाणारा भाविक परत येताना प्रसाद, भंडारा, अंगारा घेऊन येतो. या क्षेत्राने दिलेला एक विचारही त्याने सोबत आणावा. भुतोजी तेली याच्या नावाची कावड दरसाल कऱ्हेचे पाणी डोंगरावर नेते. मालोजीराजांनी आभाळाचे पाणी डोंगरावर अडविले. एकाने खांदा दिला, दुसऱ्याने धन दिले. दोघांनी अर्पण केले ते पाणीच. या दोन वाटांपैकी ज्याला जी झेपेल ती त्याने धरावी. ज्याच्यापाशी धन नाही त्याने तलावाकाठचा कचरा उचलावा, उन्हात थांबलेल्या म्हाताऱ्या माणसास आपल्या बाटलीतील घोटभर पाणी द्यावे. गाभाऱ्यातील दोन लिंगांवर पडणारी धार आणि त्या म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरणारा घोट या दोहोंत शंभू महादेव भेद करीत नाही.

श्री शंभू महादेव सर्व भाविकांचे कल्याण करो, त्यांना सुखरूप घरी पोहोचवो आणि माणदेशावर वेळच्या वेळी पाऊस पाडो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ हर हर महादेव ॥